मनाचें दुखणें आणि शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कामण येथें धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल दिवशीं तुम्ही सर्व जण येथें जमलां आहां. सकाळीं उपकारस्तुतीची मिस्सा झाली, पूर्वजांचें स्मरण झालें, आणि देवळाच्या पायऱ्यांवर लहानथोरांचा फोटोही निघाला. तो स्मरणिकेंत छापला जाईल, व प्रत्येक जण त्यांत आपापला चेहरा शोधील. आज आम्ही बोलूं इच्छितों तें मात्र त्या फोटोंत न आलेल्या माणसांविषयीं. जे म्हातारपणामुळें अथवा तापामुळें आले नाहींत, त्यांच्याविषयीं नव्हे. त्यांची चौकशी आपण करितों, त्यांच्या घरीं आम्ही पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन जातों. आम्ही बोलतों तें घराच्या मागच्या खोलींत राहणाऱ्या माणसाविषयीं. पाहुणे आले म्हणजे ज्या खोलीचें दार हळूच ओढून घेतलें जातें, ती ही खोली. 'त्याला जरा बरें नाहीं,' एवढेंच उत्तर मिळतें. काय बरें नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं व कोणी सांगतही नाहीं.

महोत्सव या शब्दाचा जुन्या करारांतील अर्थ तुम्हांस ठाऊक आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकलें जाई. गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई, आणि जो दास होऊन परक्याच्या दारीं गेला असेल तो आपल्या माणसांत परत येई. अर्थात् माणूस घरीं परत येणें, हाच महोत्सवाचा गाभा होय. मग जो आपल्याच घरांत परका होऊन बसला आहे, त्यास घरीं कोणीं आणावें? या प्रश्नाचें उत्तर शोधल्यावांचून आपला महोत्सव पुरा होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगतों. कारण जो दुसऱ्यास उपदेश करूं पाहतो, त्यानें आपला हिशेब आधीं द्यावा. सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही त्या वेळीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. एके दिवशीं सायंकाळीं एक विधवा आई आपल्या तरुण मुलास घेऊन आमच्याकडे आली. मुलगा शिकलेला, नोकरीस लागलेला. पण कांहीं महिन्यांपासून तो रात्र रात्र जागा राही, ताटावरून उठून जाई, आणि शेजारी भिंतीआडून आपल्याविषयीं बोलतात असें त्यास ऐकूं येई. आम्हीं त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, नऊ दिवसांची नोव्हेना सांगितली, आणि आईस बाजूला घेऊन म्हणालों, "घाबरूं नका बाई, मनाचा हट्ट आहे, लग्न झालें म्हणजे सुधारेल."

प्रार्थना सांगितली यांत आमची चूक नव्हती. प्रार्थनेबरोबर 'डॉक्टर' हा आणखी एक शब्द सांगावयाचा होता, तो आम्हीं सांगितला नाहीं, ही चूक. फादरांनीं सांगितलें म्हणजे झालें, अशा विश्वासानें ती माउली परत गेली, आणि त्या विश्वासापायीं चार वर्षें वायां गेलीं. नोकरी गेली, ठरलेलें लग्न मोडलें. मुलगा खोलींत आणि आई दाराशीं, असा संसार झाला. शेवटीं एका नातेवाइकानें त्यास मनोविकारांच्या डॉक्टरकडे नेलें. औषध सुरू झालें, हळूहळू ते आवाज थांबले, झोप लागूं लागली. मग एके दिवशीं ती बाई पुन्हां आमच्याकडे आली, ती उपकारस्तुतीची मिस्सा सांगण्यासाठीं. तिनें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें झालें असतें. तिनें पैसे मेजावर ठेविले, आणि आमच्यानें तिच्याकडे वर पाहवेना.

सेमिनरींत आम्ही तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान शिकलों. आत्म्याच्या रोगांचीं नांवें आम्हांस तोंडपाठ होतीं. मनाच्या रोगांची ओळख मात्र फार उशिरां झाली. तुमची तशी गत होऊं नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मन आजारी पडतें म्हणजे काय होतें? ज्याप्रमाणें काळीज थकतें, त्याप्रमाणें मेंदूचें कामही बिघडतें. आनुवंशिकता, लहानपणीं बसलेला धक्का, जवळच्या माणसाचा मृत्यु, कर्ज, दारू, एकटेपण, मेंदूंतील रासायनिक फेरफार अशीं अनेक कारणें एकमेकांत गुंतलेलीं असतात. एकच एक कारण क्वचितच सांपडतें. कोणाचें मन आठवडेच्या आठवडे उदास राहतें. ज्या कामांत गोडी होती त्यांत ती उरत नाहीं, झोप उडते, आपण निरुपयोगी आहों असें वाटूं लागतें. कोणास सतत धास्ती. छाती धडधडते, हातपाय गळतात. कोणास नसलेले आवाज ऐकूं येतात व आपल्याच माणसांचा संशय येतो. बाळंतपणानंतर कांहीं स्त्रियांस असें नैराश्य घेरतें, आणि घरचीं माणसें म्हणतात, 'सोन्यासारखें मूल झालें, तरी ही रडते कां?' पुष्कळदां तर मनाचें दुखणें अंगाच्या दुखण्याचा वेष घेऊन येतें. डोकें दुखतें, पाठ दुखते, पोटांत कालवतें; परंतु तपासण्यांत कांहींच निघत नाहीं.

असे लोक थोडे नाहींत. बंगलोरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील १२ राज्यांत पाहणी केली. दर १०० प्रौढांत १० ते ११ जणांस त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार होता, असें तींत आढळलें. आणि निरनिराळ्या रोगांचा विचार करितां शेंकडा ७० ते ९२ रोग्यांस उपचार मिळत नव्हता. देवळांतील बाकांवर रविवारीं कितीशीं माणसें बसतात तें मोजा, आणि हा हिशेब आपल्या मनाशीं करून पहा.

उपचार न मिळण्याचें पहिलें कारण लाज. आपल्या या भागांत कोणी थोडें विचित्र वागला कीं आपण हंसत म्हणतों, 'याला ठाण्याला पाठवा.' ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालीं निघालें. तेव्हांपासून किती पिढ्या हा विनोद चालला आहे! आपण सहज बोलतों. पण भिंतीपलीकडे एक आई तें ऐकत असते, आणि आपल्या मुलास डॉक्टरकडे नेण्याचा तिचा बेत त्याच क्षणीं मोडतो. दुसरें कारण अज्ञान. कोणी भगताकडे जातो, कोणी देवऋष्याकडे; आणि आपण ख्रिस्ती लोक हंसूं नये, कारण आपणही दृष्ट काढतों, व औषध बंद करून केवळ नवसावर भिस्त ठेवतों.

कोणी म्हणेल, 'ज्याची श्रद्धा बळकट त्याचें मन कशाला खचेल?' त्यानें एलिया संदेष्ट्याची कथा आठवावी. ज्यानें राजासमोर निर्भयपणें देवाचें नांव घेतलें, तोच एलिया पुढें रानांत एका झुडपाखालीं बसला व मरण मागूं लागला. देवाच्या दूतानें त्यास काय सांगितलें? तुझी श्रद्धा कोठें गेली, असें म्हटलें नाहीं. त्यास हात लावून उठविलें, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें पुढें केलें, आणि पुन्हां निजूं दिलें. हें दोनदां झालें. मग पुढचा प्रवास. आधीं भाकर, पाणी, झोप व जवळ कोणीतरी, उपदेश मागाहून. मनाच्या दुखण्यांत शेजाऱ्याचा धर्म काय, हें यांत आलें.

या बाबतींत ख्रिस्तसभेच्या इतिहासांतही कठोर व कोमल अशीं दोन्ही पानें आहेत. तीं झांकूं नयेत. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनें, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधि नाकारला होता. किती कुटुंबांनीं दुःखावर अपमानाचा हा भार वाहिला असेल! १९८३ च्या संहितेंत ती बंदी राहिली नाहीं. आणि १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथांत, गंभीर मनोविकार, तीव्र यातना वा भीति यांमुळें अशा माणसाची जबाबदारी कमी होते, त्याच्या तारणाविषयीं कोणीं निराश होऊं नये, अशी शिकवण आहे. ज्या घरांवर असा आघात झाला असेल त्यांनीं हें कान देऊन ऐकावें. तुमचें माणूस आमच्या प्रार्थनेंतून वगळलेलें नाहीं. सरकारनेंही पाऊल टाकलें आहे. २९ मे २०१८ पासून अंमलांत आलेल्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा प्रयत्न करणारा माणूस गंभीर मानसिक ताणाखालीं होता असेंच धरावयाचें ठरविलें. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत, आत्महत्येच्या प्रयत्नास सरसकट गुन्हा ठरविणारें जुनें कलम उरलें नाहीं. अशा माणसास चौकीवर नव्हे, इस्पितळांत न्यावयाचें असतें.

कोमल पान पहावयाचें तर बेल्जम देशांतील गील या गांवाकडे पहावें. तेथें संत डिंफ्ना हिचें देऊळ आहे. मनोरुग्णांची ती आश्रयदाती. म्हणून मध्ययुगांत लोक आपले आजारी नातलग तेथें आणीत. देवळालगतची जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस आपल्या घरांत घेतलें. चुलीपाशीं जेवूं घातलें, शेतावर बरोबर नेलें. पुढें ही गांवाची रीतच पडली. १९३८ सालीं असे ३,७०० हून अधिक रुग्ण गीलच्या घरांतून राहत होते. आज ती संख्या फार उतरली आहे, तथापि चाल मोडलेली नाहीं. गांवानें कोणास वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलें नाहीं. आपल्या पंक्तीला बसविलें.

आतां तुम्ही म्हणाल, 'फादर, तें परदेशाचें झालें. आम्ही शेतीभाती व नोकरीचाकरी करणारीं माणसें. मनाच्या रोगावर आम्ही काय करणार? तें काम डॉक्टरांचें.' डॉक्टरांवांचून चालणार नाहीं, हें खरेंच. परंतु डॉक्टर थोडे आणि रोगी फार. यास्तव आपल्याच देशांत, आपल्यासारख्याच गांवांत, साध्या माणसांनीं काय केलें तें ऐका.

पहिलें उदाहरण गोव्याचें. तेथें १९९६ सालीं 'संगाथ' नांवाची संस्था निघाली. नांवांतच सोबत आहे. आपला 'सांगाती' शब्द त्याच घरचा. या संस्थेनें सरकारी आरोग्यकेंद्रांतून व खासगी दवाखान्यांतून मिळून २४ ठिकाणीं एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आला. नैराश्य व चिंता यांनीं पीडलेले २,७९६ रोगी त्यांत होते. निम्म्या ठिकाणीं स्थानिक पदवीधर स्त्रियांस नेमलें. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. सुमारें दोन महिन्यांचें शिक्षण तेवढें त्यांस दिलें होतें. रोग्याजवळ बसणें, त्याचें ऐकणें, हा आजार आहे व तो बरा होतो हें समजावणें, श्वासाचे व्यायाम शिकविणें, घरांतल्या अडचणींतून वाट काढण्यास मदत करणें आणि औषध चुकूं न देणें, हें त्यांचें काम. गरज पडे तेथें डॉक्टर औषध देई, व मनोविकारतज्ज्ञ अधूनमधून येऊन पाही. सहा महिन्यांनीं मोजदाद झाली. सरकारी केंद्रांत जेथें या स्त्रिया होत्या तेथें शेंकडा ६६ रोगी बरे झाले होते. जेथें नव्हत्या तेथें शेंकडा ४३ च्या आंतच. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें याचा अर्थ असा कीं, जेथें रांग मोठी आणि ऐकणारें कोणी नव्हतें, तेथेंच ऐकणाऱ्या माणसाचें मोल अधिक ठरलें.

दुसरें उदाहरण विदर्भाचें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं ज्या भागास महाराष्ट्रभर दुःखद प्रसिद्धि मिळाली, तेथें अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम चालला. गांवचे कार्यकर्ते चावडीवर, अंगणांत, बचतगटांत छोट्या बैठकी घेत, आणि नैराश्य हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे, असें सांगत. ज्यास अधिक गरज असे त्याच्याशीं शिकविलेले समुपदेशक बोलत. आणि त्यांच्यापलीकडचें काम मनोविकारतज्ज्ञाकडे जाई. अशी तीन पायऱ्यांची शिडी. उपक्रमापूर्वीं नैराश्यानें पीडलेल्या १०० माणसांत कसेबसे ४ जण मदत मागत. दीड वर्षानंतर २७ जण मागूं लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ५.२ होतें, तें २.५ वर आलें. २०१७ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले. लक्षांत घ्या, गांवाचें कर्ज फिटलें नव्हतें, पाऊसही वेळेवर पडूं लागला नव्हता. दुःख बोलून दाखविण्यास जागा मिळाली होती, एवढेंच.

तिसरें उदाहरण तर आपल्या डोंगराळ भागाशीं फारच जुळणारें. नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्यांत, आदिवासी वस्तीच्या ४१ गांवांत, पुण्याच्या एका संस्थेनें 'आत्मीयता' हा उपक्रम चालविला. तींत गांवांतलेच 'मित्र' निवडले जात. कोण गप्प झाला आहे, कोणाची चूल पेटली नाहीं, कोण दारूंत बुडाला आहे, याकडे त्यांचें लक्ष असे. मित्रांहून अधिक शिकविलेले कांहीं कार्यकर्ते असत. ते अशा माणसास चार ते सहा वेळां भेटत, मोबाईलवर लहान चित्रपट दाखवीत, दुखणें गंभीर असल्यास डॉक्टरकडे नेत, आणि पेन्शन वा शिधापत्रिका अडली असेल तर तीही मिळवून देण्यास मदत करीत. ही शेवटची गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ज्याच्या घरीं धान्य नाहीं, त्यास केवळ धीराचे शब्द देऊन चालत नाहीं. संत याकोबानेंही आपल्या पत्रांत तेंच बजाविलें आहे. पुढें हा उपक्रम गुजराथेंतील मेहसाणा जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर नेण्यांत आला.

आणि दूर आफ्रिकेंत, झिंबाब्वे देशाच्या हरारे शहरांत, वस्तीतल्या आज्यांनीं हेंच काम एका लांकडी बाकावर बसून केलें. दवाखान्याच्या आवारांत झाडाखालीं बाक. त्यावर एक आजी आणि तिच्याशेजारीं एक दुःखी माणूस. बंधूंनो, आपल्या देवळाच्या आवारांतही बाक आहेत, आणि आज्याही आहेत.

आतां आपल्या कामणाकडे वळूं. एका अंगास तुंगारेश्वराचे डोंगर, मधून चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता, आणि दिवा-वसई लोहमार्गावरील आपलें कामण रोड स्टेशन. जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें कारखाने व गुदामें उभीं राहिलीं. कोणाची जमीन गेली, पैसा आला, आणि पैशाबरोबर भाऊबंदकीही आली. तरुण मुलें रात्रपाळी करून दिवसा निजतात. घरच्यांशीं बोलणें होत नाहीं. परप्रांतांतून आलेला मजूर भाड्याच्या खोलींत राहतो. त्याचें सुखदुःख फोनवरच. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर आदिवासी बांधव राहतात. त्यांस मनोविकारतज्ज्ञाकडे जावयाचें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवून वसई वा ठाणें गांठावयाचें. अशा ठिकाणीं शेजारधर्म हा केवळ सद्गुण राहत नाहीं. ती निकडीची गरज होते. आणि शेजारी म्हणजे फक्त आपल्या देवळाचा, असें कोणीं समजूं नये; चांगल्या शोमरोनकरानें जखमीस त्याची जात विचारली नाहीं.

म्हणून या महोत्सवाचें स्मारक काय करावें, असें तुम्हीं आम्हांस विचारलें तेव्हां आम्हीं घंटेचें अथवा कमानीचें नांव घेतलें नाहीं. आमची मागणी अशी आहे.

प्रत्येक वाडींतून चौघे निवडावे, दोन स्त्रिया व दोन पुरुष. विद्वत्ता नको, ज्याच्यापाशीं लोक आपण होऊन मन मोकळें करितात असें माणूस हवें. त्यांस जाणत्यांकडून रीतसर शिक्षण मिळावें. ठाण्यांत इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून या क्षेत्रांत काम करीत आहे. अशांकडे मार्गदर्शन मागण्यास आम्ही स्वतः जाऊं. दर रविवारीं मिस्सेनंतर आवारांतील एक बाक या कामासाठीं राखून ठेवावा. जो येईल त्याचें ऐकावें. उत्तराची घाई करूं नये.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. त्या बाकावर जें ऐकलें तें बायकोस नाहीं, नवऱ्यास नाहीं, आम्हांसही सांगावयाचें नाहीं. पापनिवेदनांतील शब्द आम्ही जसे जपतों, तसें हें जपावें. जीव धोक्यांत असेल तेवढाच अपवाद. एकदां जरी हें बोलणें पाणवठ्यावर गेलें, तरी तो बाक कायमचा रिकामा पडेल.

तिसरी गोष्ट वाटेची. दुखणें वाढलेलें दिसलें तर चौघांपैकीं एकानें रोग्याबरोबर डॉक्टरकडे जावें. नुसता पत्ता देऊं नये. प्रवासखर्चासाठीं महोत्सवाच्या वर्गणींतून एक लहानसा निधि ठेवावा. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं 'टेलिमानस' नांवाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलतां येतें, आणि मराठींतही बोलतां येतें. हा आंकडा देवळाच्या फलकावर आणि तुमच्या घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांनीं दिलेलें औषध त्यांस विचारल्यावांचून बंद करूं नये. कोणा धर्मगुरूनें वा भगतानें तसें सांगितलें, तरी ऐकूं नये.

चवथी गोष्ट रोग्यास सांभाळणाऱ्यांची. त्यांची चौकशी कोणीच करीत नाहीं. १९९७ सालीं पुण्यांत डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं स्किझोफ्रेनियाविषयीं जागृति करणारी संस्था काढली. त्यांच्या पत्नीसच हा आजार होता. पुढें २००४ सालीं आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटानें, रोग्याबरोबर त्याच्या बहिणीची ओढाताणही लोकांपुढें आणिली. आपल्याकडेही अशा आयांनीं, भावांनीं, बहिणींनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसावें. 'माझ्याच घरीं हें कां?' असें वाटणाऱ्यास 'माझ्याही घरीं' असें म्हणणारा भेटला, म्हणजे अर्धा भार उतरतो. आणि त्या संध्याकाळपुरतें रोग्यापाशीं बसण्यास शेजाऱ्यांपैकीं कोणीं जावें.

पांचवी गोष्ट अति नाजूक, पण ती स्पष्ट सांगितली पाहिजे. कोणाच्या तोंडून 'आतां जगण्यांत अर्थ नाहीं' असें आलें, तर हंसण्यावारी नेऊं नका. 'जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो काय?' असें शांतपणें विचारा. विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यानें त्या माणसास बोलावयास वाट मिळते. त्यास एकटें सोडूं नका, शेतीचें विषारी औषध व धोक्याच्या वस्तु हाताशीं राहूं देऊं नका, आणि लगेच इस्पितळांत न्या. हें काम बाकावरच्या चौघांनीं आपल्याच अंगावर घेऊं नये. त्यांनीं फक्त हात धरून पुढें न्यावयाचें आहे.

शेवटची गोष्ट सर्वांसाठीं, आणि तिला कवडीचाही खर्च नाहीं. आपली जीभ सांवरावी. 'वेडा', 'चक्रम', 'ठाण्याचा' हे शब्द आजपासून आपल्या घरांतून बंद व्हावे. सोयरीक जुळवितांना एखाद्या घरांतील आजाराची कुजबूज पोंचविण्याचें काम ज्यांस आवडतें, त्यांनीं तें सोडावें. रोग्यास लग्नाच्या मांडवांत, वाडीच्या जेवणांत, देवळाच्या गायकवर्गांत जागा द्यावी.

बंधुभगिनींनो, कफर्णहूम गांवीं प्रभू एका घरांत शिकवीत होता, तेव्हां दारांत ही गर्दी झाली होती. एका पक्षाघाती माणसास त्याच्याकडे यावयाचें होतें. पण त्याच्या अंगांत चालण्याचें बळ नव्हतें. चौघांनीं त्यास बाजेसकट उचललें. दारांतून वाट मिळेना, तेव्हां ते छपरावर चढले, छप्पर उकललें, आणि बाज खालीं सोडली. शुभवर्तमानकार सांगतो कीं, प्रभूनें त्यांची, म्हणजे त्या चौघांचीही, श्रद्धा पाहिली. मन आजारी असतां कित्येकदां श्रद्धा ठेवण्याचेंही बळ उरत नाहीं. त्या वेळीं दुसऱ्या कोणीतरी आपली श्रद्धा त्याच्यासाठीं खांद्यावर घ्यावी लागते.

वीस वर्षांपूर्वीं एका आईबरोबर आम्हीं चार पावलें चालावयास हवें होतें. आम्ही खुर्चींतच बसून राहिलों. तीं चार वर्षें आम्हांस परत करितां येत नाहींत. परंतु या वाडींत, या पाड्यांवर, आज एखादी दुसरी आई दाराशीं बसलेली असेल. तिच्याकडे जाण्यास अजून उशीर झालेला नाहीं. मिस्सेनंतर आवारांतील आंब्याखालीं कागद ठेवला आहे; त्यावर ज्यांस आपलें नांव लिहावेंसें वाटेल त्यांनीं लिहावें. पहिलें नांव आम्हीं आपलें लिहिलें आहे, शिकणारा म्हणून.

जो थकलेल्यांस व भाराक्रांतांस आपल्याकडे बोलावितो, तो प्रभू तुम्हां सर्वांस, आणि मागच्या खोलींत असलेल्या आपल्या प्रत्येक भावाबहिणीस, आपली शांति देवो.